लक्ष्मीआक्काची रानवही

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला, "इतकी वर्षं जंगलात काढलीत, काहीतरी थरारक लिहा की." मी तेव्हाच सांगून टाकलं की माझ्याकडं वाघ नाही. अख्ख्या नोकरीत एकदाच, कणकुंबीच्या रस्त्यावर, गवा आडवा आला होता. त्यानं माझ्याकडं बघितलं, माझ्या काखेतल्या फायलीकडं बघितलं आणि कंटाळून झाडीत निघून गेला. मला त्याचा राग आला नाही. मी जंगलात जायची ती कागद तपासायला, आणि कागदाला गवाच काय, घरची माणसंही कंटाळतात.

माझं काम आमच्या बेळगावातल्या वडगावच्या गल्लीत शेवटपर्यंत कुणाला नीट कळलं नाही. "वनखात्यात न्हायस, मग झाडं बघायला तुला कोण धाडतंय गं?" असं शेजारीण विचारायची. तिला सांगायचे तेच इथं सांगते. कुठंतरी लांब परदेशात एक माणूस लाकडी खुर्ची विकत घेतो. त्याच्या मनात येतं, ह्या खुर्चीपायी कुठलं जंगल ओरबाडलं तर नसेल? त्याला काही खानापूर तालुक्यात येऊन बघता येत नाही. म्हणून काही लोकांनी एकत्र बसून नियमांचं एक पुस्तक केलं. किती झाडं तोडायची, किती ठेवायची, ओढ्यापासून कुऱ्हाड किती लांब थांबवायची, करवत चालवणाऱ्याच्या डोक्यावर काय हवं, गावाला कधी विचारायचं, आणि ह्या सगळ्याची नोंद कुठं करायची. ह्या पुस्तकाला आम्ही मानक म्हणतो. त्याची सक्ती कुणावरही नाही. ज्याला हवं त्यानं घ्यावं. पण एकदा घेतलं की दर वर्षी एक परकं माणूस येऊन तुमचं रान आणि तुमचे कागद ताडून बघणार, आणि पटलं तरच प्रमाणपत्र राहणार. ते परकं माणूस म्हणजे मी.

थोडक्यात, दोष काढणं हा माझा धंदा. तो मला घरातच लागला. आमचं घर विणकराचं. मागावरनं साडी उतरली की आप्पा ती दारात उजेडाला धरायचे, आणि धागा कुठं चुकलाय तिथं त्यांचं बोट बरोबर जाऊन थांबायचं. माझंही तसंच झालं. लग्नाच्या पंगतीत बसले तरी माझी नजर मांडवाचा खांब कुठल्या लाकडाचा आहे तिकडं जाते. नवरा म्हणतो, हिला स्वर्गात पाठवलं तरी पहिल्यांदा दाराच्या चौकटीची पावती मागेल.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार भेटली. फर्निचरचा कारखाना चालवणारे एक गृहस्थ होते. त्यांच्या गोदामात लाकडाचे दोन ढीग होते, एक प्रमाणपत्राचा आणि एक बिनप्रमाणपत्राचा, आणि ते मिसळू नयेत म्हणून मधे सोडायची वाट मात्र नव्हती. ते चहा पुढं करत म्हणाले, "म्याडम, लाकूड सगळं एकाच देवानं केलंय. तुम्ही कशाला भेद करता?" मी चहा प्यायले आणि भेद केला. दुसरा बेळगुंदीकडचा एक करवतवाला. त्याच्या डोक्यावर नवं कोरं हेल्मेट होतं, वरचा प्लास्टिकचा कागदही तसाच. मी म्हटलं, छान, आता एक फांदी कापून दाखवा. तो म्हणाला, "थांबा, आदी हे काढतो. हे घालून काम कसं हुणार?" मालकानं कपाळावर हात मारला. मला मात्र हसू आवरेना.

असे किस्से पुष्कळ आहेत. पण कामाची आठवण म्हटलं की ते मागं राहतात आणि लक्ष्मीआक्काच पुढं येते.

तिच्या गावाचं नाव लिहीत नाही. जांबोटीच्या पुढं एक फाटा फुटतो आणि लाल मातीचा रस्ता झाडीत शिरतो, एवढं पुरे. तिथल्या शेतकऱ्यांची स्वतःच्या मालकीची रानं आहेत, त्यात सागाची झाडं. एकट्यादुकट्याला प्रमाणपत्र झेपत नाही, म्हणून त्यांनी गट केला होता. गटाला एकच प्रमाणपत्र, त्यामुळं एकाची चूक सगळ्यांच्या अंगावर. गटाचे प्रमुख नारायणअण्णा, साठी उलटलेले, बोलायला मोजके. आणि गटाची रानवही लिहायची लक्ष्मीआक्का. तिचा नवरा गोव्यात कामाला, शेत तीच बघायची. शिक्षण सातवीपर्यंत, पण अक्षर असं की बघत राहावं. कुणाचं रान, कुठल्या नंबराचं झाड, कधी तोडलं, कुठल्या ट्रकमधनं गेलं, सगळं एका ओळीत. गावातले अर्जही तिच्याच हातचे. विजेच्या खांबापासून रेशनकार्डापर्यंत काही मागायचं असलं की माणसं कोरा कागद घेऊन तिच्या सोप्यावर, म्हणजे ओसरीवर, येऊन बसायची. तिची वही मी दुसऱ्या गावांतल्या लोकांना नमुना म्हणून सांगत असे.

सगळी रानं बघणं शक्य नसतं, म्हणून आम्ही चिठ्ठ्या टाकून काही निवडतो. त्या वर्षी आक्काच्याच वरच्या रानाची चिठ्ठी निघाली. वहीत लिहिलं होतं की तिथली अमुक नंबरांची झाडं पौषात तोडली आणि ट्रकमधनं गेली. मी चढ चढून वर गेले. झाडं उभी होती. बुंध्यावर पांढऱ्या रंगानं टाकलेले नंबर जसेच्या तसे. मी चष्मा पुसला आणि वहीशी पुन्हा ताडून बघितलं. एकूण एक झाड जागेवर होतं, आणि एकाच्या बुडाशी फोडलेल्या नारळाची करवंटी पडली होती.

बाहेरच्या माणसाला वाटेल, झाडं वाचली, चांगलंच झालं की. पण मला हिशेब लागेना. इथली झाडं उभी आहेत आणि ट्रकभर साग तर विकला गेलाय, मग तो आला कुठनं? आक्काच्या बांधापलीकडं सरकारी जंगल सुरू होतं.

खाली येऊन मी नारायणअण्णांच्या सोप्यावर बसले. आक्कालाही बोलावलं.

"आक्का, ही झाडं तोडली म्हणून वहीत आहे. ती तर उभी आहेत."

"व्हय," आक्का म्हणाली.

"मग ट्रकमधनं गेलेलं लाकूड कुठलं?"

आक्कानं नारायणअण्णांकडं बघितलं. नारायणअण्णांनी अंगणाकडं बघितलं. "लिवा बाई," ते म्हणाले, "तुमच्या पुस्तकात बसतंय ते लिवा."

मला राग लवकर येतो, हे मी कधी लपवलेलं नाही. मी फाईल धाडकन मिटली. "तर मग चोरीचं लाकूड म्हणून लिहिते," म्हणाले.

नारायणअण्णा ताडकन उठले. "चोरी म्हणू नगासा. चला माझ्यासंगट."

ते मला त्यांच्या स्वतःच्या खालच्या रानात घेऊन गेले. तिथं तोडलेल्या सागांचे ताजे खुंट होते. मी एकेक मोजला, घेर घेतला, ट्रकच्या पावतीशी ताडला. सगळं बरोबर जुळलं. लाकूड त्यांच्या मालकीच्या रानातलं होतं, सरकारी जंगलातली एक काडीही हलली नव्हती. माझा जीव भांड्यात पडला. आणि लगेच दुसरा राग आला.

"अहो, मग हे सरळ लिहायला काय झालं होतं?"

आक्का हळूच म्हणाली, "रवळनाथानं दिलं न्हाय, बाई."

रवळनाथ हे त्यांचं ग्रामदैवत. तिकडची रीत अशी, की रानातलं मोठं काम काढायच्या आधी देवाला कौल लावतात. गुरव देवाच्या पाषाणाला फुलांच्या ओल्या पाकळ्या लावतो आणि गावाचं मागणं मोठ्यानं सांगतो. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आक्काच्या वरच्या रानासाठी डावी पडली होती. संपलं. मग त्या झाडांना कुणी हात लावणार नाही, आक्काही नाही. झाडांवर आधीच नंबर टाकले म्हणून देवाची माफी मागायला तिथं नारळही फोडला होता. पण तोडीचा आराखडा बेळगावच्या एका कचेरीनं आधीच टाईप करून दिला होता, त्यावर सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या, ट्रकही ठरला होता. तेव्हा नारायणअण्णांनी आपली झाडं दिली. आणि वही आराखड्याप्रमाणं लिहिली गेली.

"देवाचं बोलणं भायेरच्यास्नी सांगत न्हाईत," आक्का म्हणाली. "आणि सही करून ठरवल्यालं मोडलं म्हणून तुमास्नी वाईट वाटंल. म्हणून ठरल्यागत लिवलं."

मला वाईट वाटू नये म्हणून खोटी नोंद करणारं गाव मी आजवर बघितलं नव्हतं. पण गंमत इथंच संपत नाही. आमच्या मानकात गावाच्या देवस्थानांचं, रीतीरिवाजांचं एक अख्खं कलम आहे. ते जपा, त्यांना विचारल्याशिवाय आराखडा करू नका, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. पहिल्याच वर्षी मी ह्याच लोकांना विचारलं होतं, तुमच्या रानात देवाची जागा आहे का? सगळे नाही म्हणाले होते आणि मी 'नाही'वर खूण करून मोकळी झाले होते. मी आक्काला म्हटलं, तेव्हा का नाही सांगितलं?

"आमच्या रानात देवाची जागा न्हाईच, बाई. सगळं रानच त्येचं हाय. तुमी तसं कुटं इचारलासा?"

संध्याकाळी घरी येऊन मी अहवाल लिहायला बसले. आमच्याकडं त्रुटी दोन तऱ्हेच्या. लहान त्रुटी पुढच्या वर्षापर्यंत सुधारली तरी चालते. मोठी असेल तर तीन महिन्यांत सुधारायची, नाहीतर प्रमाणपत्र जातं. खोटी नोंद ही मोठीच त्रुटी. तिथं दयामाया दाखवली तर उद्या खरा चोर त्याच दारातनं आत येईल. मी मोठी लिहिली, आणि आजही मोठीच लिहीन. चूक केली ती पुढच्या वाक्यात. 'नोंदवही ठेवणाऱ्या सदस्या लक्ष्मी यांनी आराखड्यानुसार खोट्या नोंदी केल्या,' असं मी लिहिलं. अक्षर तिचं, सही तिची. मला त्यात शंका घ्यायला जागाच दिसली नाही.

आमच्या मुख्य कचेरीतनं दोन आठवड्यांनी शंका आली. अहवालात मी कौलाचं सगळं सविस्तर लिहिलं होतं. त्यांनी विचारलं होतं, तोडीला परवानगी नाकारणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा आणि फोन नंबर कळवावा. मी कळवलं, रवळनाथ, ग्रामदैवत, फोन नाही. त्यावर पुन्हा विचारणा झाली, हे गटाच्या समितीवर आहेत का? मी लिहिलं, समितीच्या वर आहेत. त्यानंतर काही आलं नाही.

अहवालाची प्रत गटालाही गेली होती आणि गावात वाचली गेली होती. मग गटाचं उत्तर आलं. त्रुटीचं मूळ कारण शोधून उपाय कळवायचा, असा नियम असतो. त्यांनी लिहिलं होतं, कारण, नोंद ठेवणाऱ्याची चूक. उपाय, वही दुसऱ्याकडं देणे. तो कागदही आक्काच्याच अक्षरात होता. स्वतःला काढून टाकायचा ठराव तिनं स्वतःच लिहिला होता, तसाच वळणदार. मी तो दोनदा वाचला आणि फायलीला लावला. नियमात बसत होता.

तीन महिन्यांची मुदत संपता संपता मी पुन्हा गेले. सकाळची वेळ होती. सगळी माणसं देवळापुढं जमलेली. वही काढून घ्यायची तर तेही देवाला विचारून, म्हणून कौल लावणार होते. आक्का एका बाजूला पायरीवर बसली होती. मांडीवर वही, आणि ती जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेली. मी शेजारी टेकले. कशा आहात, म्हणून विचारलं.

"बरी हाय," ती म्हणाली. मग वहीवरचं फडकं नीट करत म्हणाली, "तीन म्हैने झालं, अर्ज लिवून घ्यायला एक माणूस आलं न्हाय, बाई. परवा शेजारचा खानापूरला जाऊन पैसं देऊन लिवून आला. मी दारातच बसलेली हुते."

हे ऐकून मला माझीच लाज वाटली. माझ्या एका ओळीनं ह्या बाईचं गावातलं नाव घालवलं होतं. हातात करवत धरणाऱ्याला मी नेहमी विचारायची, हे झाड तोडायला तुला कोणी सांगितलं? हातात पेन धरणारीला तोच प्रश्न विचारायचं मला सुचलं नव्हतं. मी आता विचारला.

"आक्का, तसं लिहायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"आता इचारून काय, बाई? लिवलं मीच." एवढंच बोलून ती समोर बघायला लागली.

गुरवानं पाषाण धुतला. पाकळ्या ओल्या केल्या. गुरव मोठ्यानं म्हणाला, "देवा म्हाराजा, लक्षुमीनं वहीत खोटं लिवलं, गावाला खाली बघाय लावलं. वही तिच्याकडनं काढावी असं गाव म्हणतंय. तुझं काय म्हणणं असंल त्ये..."

"थांब रं," नारायणअण्णा म्हणाले.

गुरवाचा हात पाषाणाजवळ तसाच राहिला. नारायणअण्णांनी डोक्यावरची टोपी काढली. हातात चुरगळली.

"देवाम्होरं असं इचारू नगोस. तिनं लिवलं न्हाय, मी लिवाय लावलं. ठरल्यालं हाय तसंच लिव म्हणून मी सांगिटलं. ती नगो म्हणत हुती. दोनदा नगो म्हणाली. वहीत कसं लिवू अण्णा, म्हणाली. तवा मी वरडलो तिच्यावर." मग ते माझ्याकडं वळले. "सोप्यावर तुमी इचारलासा तवाबी मी गप बसलो. तीन म्हैनं गप बसलो. पर हितं न्हाय जमत बाई."

गुरवानं हातातल्या पाकळ्यांकडं बघितलं, त्या परत ताटात ठेवल्या आणि म्हणाला, "मग देवाला इचारायचं ऱ्हायलं काय?" मागनं कुणीतरी हसलं, मग सगळेच सैलावले. आक्का हसली नाही. फडक्याची गाठ पुन्हा पुन्हा सोडत-बांधत राहिली. तिचे डोळे भरले होते, आणि खरं सांगायचं तर माझेही.

उरलेलं काम सोपं होतं. मूळ कारण नव्यानं लिहिलं गेलं. सहीसाठी आराखडा आधी आणि कौल मागनं, हा क्रमच उलटा होता, तो सरळ केला. आता आधी कौल, मग आराखडा, आणि डावी पडली तर तेही वहीत लिहायचं, असं ठरलं. गुरवाला विचारलं, बाहेरच्यांना सांगितलं तर चालेल का? तो म्हणाला, आता ह्या बाईंनी सगळं जगाला कळिवलंयच की. प्रमाणपत्र टिकलं, अजून आहे. आक्काच्या वरच्या रानातले साग अजून उभे आहेत. दर वर्षी विचारतात, दर वर्षी डावी पडते, आणि आक्का म्हणे आता स्वतःच म्हणते, ऱ्हाऊ देत. ह्या निवृत्त बाईला तिकडनं फोन येतात ते हेच सांगायला.

त्या दिवशी निघायच्या आधी मी आक्काकडं गेले. अहवालातलं तिचं नाव मी खोडणार होते, तसं तिला सांगितलं. माझं चुकलं, असंही म्हणाले. दोष काढणाऱ्याच्या तोंडातनं हे वाक्य सहज येत नाही.

आक्कानं चहा ठेवला. मग फडकं सोडून वही काढली, पट्टीनं एक रेघ मारली आणि लिहायला लागली. मला वाटलं, नव्या नियमाची नोंद असेल. तिनं वही माझ्याकडं फिरवली. 'त्रुटी,' असं लिहून पुढं होतं, 'तपासणीस आलेल्या बाईंनी, कोणी लिहायला सांगितले, हे विचारले नाही.'

"सही करा," ती म्हणाली. "तुमच्याच पुस्तकात हाय न्हवं, चूक कुणाचीबी असूंदे, लिवायची म्हणून."

मी सही केली. इतक्या वर्षांत दुसऱ्यांच्या वह्यांवर हजारदा केली असेल, पण स्वतःच्या चुकीखाली ही पहिलीच. तारीख घातली. आक्कानं वही परत ओढून घेतली आणि पेन टेकवून थांबली.

"मोठी लिवू का ल्हान?"

"मोठी," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडं बघितलं. मग मान खाली घालून, त्या सुंदर अक्षरात, 'लहान' असं लिहिलं.